‘शेअरवाल्यांनी जंगलाची चिंता करू नये’ म्हणणाऱ्यांना

‘गुंतवणूकदार एकत्र येऊन निसर्ग वाचवणार, हे ढोंग आहे. तुम्ही शेअर विकलात तर दुसरा घेईल. मूठभर शेअरवाल्याचं कोण ऐकतं? परतावा बुडेल तो वेगळाच. हे काम सरकारचं आहे. आणि आपल्याकडे तर प्रवर्तकच, म्हणजे कंपनी उभी करणारेच, मालक.’ अशा अर्थाचा मजकूर शेअर बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वरचेवर येतो. त्यातलं ‘दुसरा घेईल’ हे विधान जवळजवळ खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

शेअर विकला तर दुसरा घेतो, मान्य. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण येऊ घातली होती, तेव्हा नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्ये ती खाण आणू पाहणाऱ्या वेदांता कंपनीला आपल्या गुंतवणुकीतून वगळलं, २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनेही शेअर विकले. खाण त्यामुळे थांबली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ मध्ये १२ ग्रामसभा झाल्या, बाराही गावांनी नकार दिला, तेव्हा ती थांबली. श्रेय तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचंच. पण या दाखल्यावरून ‘शेअर विकून भागत नाही’ एवढंच सिद्ध होतं. भागधारकाच्या हातात विकण्याखेरीज आणखीही काही असतं.

ते काय, हे ब्राझीलमध्ये दिसलं. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाडिन्यो इथे ‘वाले’ या खाण कंपनीचं धरण फुटलं. खनिज काढून उरलेला गाळ साठवणारं धरण. २७० माणसं गेली, पाराओपेबा नदी गाळाने भरली. धरण स्थिर असल्याचं प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच मिळालेलं होतं! जगात अशी धरणं कुठे कुठे आहेत, याची एकत्र, खुली यादी तोवर नव्हती. मग चर्च ऑफ इंग्लंडचं पेन्शन मंडळ आणि स्वीडनचे सरकारी पेन्शन फंड पुढे झाले, शंभराच्या आसपास गुंतवणूकदार जमवले आणि ७२७ कंपन्यांना एकच प्रश्नावली धाडली. धरण कुठे आहे, किती उंच, गाळ किती, बाहेरच्या तज्ज्ञाने शेवटचं कधी तपासलं, फुटलं तर खाली काय काय जाईल? उत्तरं ४५ दिवसांत, कंपनीच्या संकेतस्थळावर, वरिष्ठांच्या सहीने. एकट्या फंडाने विचारलं असतं तर त्याला गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल मिळाला असता. सगळ्यांनी उत्तरं दिली नाहीत, पण मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी दिली. जानेवारी २०२० मध्ये १७०० हून अधिक धरणांची माहिती सर्वांसाठी खुली झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या धरणांसाठी जागतिक मानक आलं. गेलेली माणसं यातून परत येत नाहीत. पण धरणाखालच्या गावाला आता बोट ठेवायला कागद आहे.

मूठभर शेअरवाल्याचं कोण ऐकतं? ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रीन सेंच्युरी या छोट्याशा फंडाने प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या सभेत ठराव मांडला: पाम तेल आणि लाकडाच्या लगद्यासाठी होणारी जंगलतोड थांबवायला कंपनी आणखी काय करू शकते, ते सांगा. संचालक मंडळाचा विरोध होता. बाजूने सुमारे ६७ टक्के मतं पडली. ठराव बंधनकारक नव्हता, हेही सांगायला हवं.

परतावा बुडण्याचं म्हणाल, तर धरण फुटल्यानंतर बाजार उघडला त्या दिवशी ‘वाले’चा शेअर सुमारे २४ टक्के पडला. आधी प्रश्न विचारून कोणाचा इतका परतावा बुडाल्याचं मला तरी आठवत नाही.

‘सरकारचं काम आहे’ हे मात्र अर्धं खरं. जून २०२० मध्ये २९ वित्तसंस्थांनी अ‍ॅमेझॉनमधल्या तोडीबद्दल ब्राझीलच्या वकिलातींना पत्रं दिली. पुढच्याच महिन्यात सरकारने १२० दिवस आगी लावायला बंदी घातली. आगी लागल्याच, आणि जुलै २०२१ मध्ये संपलेल्या वर्षात १३ हजार चौरस किलोमीटरवर जंगल तुटलं, पंधरा वर्षांतलं सर्वाधिक. तोड झपाट्याने उतरली ती २०२३ मध्ये सरकार बदलून अंमलबजावणी कडक झाल्यावर. पत्र पोलिसाचं काम करत नाही. पण सरकारला करायला लावणाऱ्यांत पैसेवाले नसावेत, असं यातून कुठे निघतं?

राहिले आपले प्रवर्तक. निम्म्याहून अधिक मतांनी होणारा साधा ठराव ते स्वबळावर मंजूर करतात, खरं आहे. पण विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या, संचालकाची फेरनियुक्ती विशेष ठरावानेच होते. प्रवर्तकांकडे ६० टक्के असतील आणि बाकीच्या मोठ्या फंडांनी मिळून ‘नको’ म्हटलं, तर तो संचालक घरी बसू शकतो. जंगल, नदी यांवर गप्प राहिलेल्या संचालकाविरुद्ध हे हत्यार वापरायला कोणी अडवलेलं नाही. उलट, इतर संस्थांबरोबर मिळून काम कसं करणार याचं धोरण फंडांनी ठरवावं, असं शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे.

तुमची एसआयपी, म्हणजे दरमहाची गुंतवणूक, ज्या म्युच्युअल फंडात जाते त्याने कुठल्या ठरावाला काय मत दिलं, ते कारणासह त्याच्या संकेतस्थळावर असतं. कारणाच्या रकान्यात अनेकदा ‘कायद्यानुसार आहे, हरकत नाही’ एवढंच सापडेल. एखाद्या खाण किंवा सिमेंट कंपनीच्या ठरावांवर त्याने दिलेली मतं काढून बघा आणि फंडाला ईमेल करून विचारा.