प्रत्येक नामाला प्रत्यय? थांबा जरा

‘आजी आणि आत्याला पत्र लिहिलं’ हे अशुद्ध, ‘आजीला आणि आत्याला’ असंच हवं. प्रत्यय एकदाच लावणं ही हिंदी-इंग्रजीची नक्कल, आणि त्याने अर्थाचा घोळ होतो. हा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्या भाचीच्या निबंधात याच वाक्याभोवती लाल गोल आला, म्हणून लिहायला बसलो.

‘प्रत्येक नामाला प्रत्यय लागलाच पाहिजे’ हा पहिला दावा. घरात आलेली कुठलीही लग्नपत्रिका उघडा. चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक ‘यांचा’ शुभविवाह. दोन्ही नावं कोरी, विभक्ती एकट्या ‘यांचा’वर. ‘फुले आणि आंबेडकर यांनी’ हीही तीच रीत, अस्सल मराठी. आणि आईवडिलांना नमस्कार करताना आपण ‘आईंना वडिलांना’ म्हणतो का?

नकलेचं म्हणाल, तर हिंदीत ‘बेटे और बेटी को’ म्हणतात. प्रत्यय नसला तरी पहिलं नाम ‘बेटा’चं ‘बेटे’ होतं. आपण नक्कल केली असती तर ‘मुला आणि मुलीला’ म्हटलं असतं. तसं कोणीच म्हणत नाही, कारण मराठीत सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी नामाचं बदललेलं रूप, प्रत्ययाशिवाय सहसा एकटं उभं राहत नाही. इंग्रजीत तर ‘इन पुणे अँड मुंबई’मधला ‘इन’ दोन्ही नावांच्या आधीच येतो. आपला प्रत्यय शेवटी चिकटतो. रचनाच निराळी.

मात्र ‘मुलगा आणि मुलीला’ माझ्याही कानाला खटकतं. ‘मुलगा’चा ‘मुला-’ होतो, म्हणून प्रत्यय गाळला की उघडं पडतं. आजी, आत्या, ताई, दादा, मुंबई, दिल्ली यांचं रूप बदलतच नाही, म्हणून तिथे काही अडत नाही. ‘पुणे आणि मुंबईत’ या दोन्हींच्या मधलं. मी स्वतः ‘पुण्यात आणि मुंबईत’ लिहितो, पण दुसऱ्याचं खोडत नाही. सर्वनामांना मात्र सूट नाही: ‘मला आणि तुला’च.

आता अर्थाचा घोळ. तो होतो, हे मान्य. ‘रमेश आणि सुरेशच्या भावाला बोलावलं’ यात रमेशला बोलावलं की दोघांच्या भावाला, कळत नाही. रमेशलाही बोलावलं असेल तर तिथे ‘रमेशला आणि’ लिहावंच लागेल. पण दुसरी बाजूही बघा. ओट्यावरून आई हाक मारते, ‘ताई आणि दादाचा डबा भरलाय’, तेव्हा दोघांचा मिळून एक डबा डोळ्यांपुढे येतो. ‘ताईचा आणि दादाचा’ म्हटलं की दोन डबे दिसतात. प्रत्यय गाळल्याने इथे अर्थ जातो कुठे? उलट नेमका होतो. सरसकट नियम लादला तर हा फरक दाखवायची सोयच आपण मुलांकडून काढून घेतो.

भाचीला मी सांगितलंय, पुढच्या निबंधातही ‘आजी आणि आत्याला’च लिही.