मंत्रचळ, चिंता आणि थेरपी: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांत आमच्या नात्यागोत्यातल्या तीन-चार व्हॉट्सअॅप गटांवर एकच मजकूर फिरून फिरून आला. त्याचा सारांश असा: चिंता आणि ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच मंत्रचळ) हे आजार नव्हेत, रिकाम्या मनाचे खेळ आहेत, थेरपिस्ट तासभर गप्पा मारून पैसे घेतात, ओसीडीच्या रुग्णाला घाणीला हात लावायला लावून त्याचा छळ करतात, मनावर ताबा मिळवून माणसाला आपल्यावर अवलंबून ठेवतात, गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, त्यापेक्षा मन घट्ट करावे आणि देवाचे नाव घ्यावे. गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घरात ओसीडी हा आजार नऊ वर्षे मुक्कामाला होता. तो माझ्या धाकट्या बहिणीला झाला, म्हापशातल्या एका क्लिनिकमध्ये तिच्यावर उपचार झाले आणि बसने तिच्याबरोबर जाऊन बाहेरच्या बाकावर बसून राहणारी मी होते. म्हणून या मजकुरातल्या एकेका दाव्याला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

पहिला दावा रिकाम्या मनाचा. माझी बहीण त्या काळात शाळेत शिकवत होती, घरी आल्यावर वह्या तपासत होती आणि रात्री साडेअकरा ते दीड या वेळात गॅसचा नॉब पाहायला स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होती. नॉब बंद आहे हे डोळ्यांना दिसत होते, तरीही ‘बंद नसेल तर?’ हा विचार हटत नव्हता, आणि नॉब चाचपल्यावर मिळणारा दिलासा अंथरुणापर्यंतही पुरत नव्हता. नको असताना पुन्हा पुन्हा येणारा विचार आणि तो शमवण्यासाठी करावीच लागणारी कृती, असे हे चक्र आहे. त्यासाठी मराठीत वापरला जाणारा मंत्रचळ हा शब्द जुना आहे. हे दुखणे आपल्याला अनोळखी नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या प्रौढांमध्ये ओसीडीचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले, म्हणजे हजारी आठ माणसे. आपल्या घरांत हा आजार आणखी लपतो, कारण सतत धुणे, पुसणे, सोवळे सांभाळणे याला आपण चांगले वळण म्हणतो. धुऊन धुऊन सोललेल्या बहिणीच्या हातांचे कौतुक आमच्या आईनेच कितीतरी दिवस केले होते.

आता ‘तासभर गप्पा’. पहिल्या भेटींत थेरपिस्ट बाईंनी ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मापनपट्टीवर तिची उत्तरे नोंदवली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पट्टीत १० प्रश्न आणि एकूण ४० गुण असतात. तिचे २९ आले, म्हणजे त्रास तीव्र होता. मग ज्या ज्या गोष्टींची धास्ती वाटते त्यांची यादी झाली आणि प्रत्येकीपुढे धास्ती किती याचा ० ते १०० असा आकडा पडला: दाराची कडी ३०, दुसऱ्याने हाताळलेली नोट ४५, बसमधला दांडा ७०. दर भेटीनंतर घरी करायचा अभ्यास मिळे आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब होई. अभ्यास आम्हा घरच्यांनाही मिळाला, आणि तो मला फार जड गेला. रात्री ती ‘ताई, गॅस बंद आहे ना गं?’ असे विचारी आणि मी ‘हो गं, बंद आहे, झोप’ म्हणे. कधी कधी एका रात्रीत वीस वेळा. मला ती माया वाटत होती. बाईंनी समजावले की माझे ‘हो’ हीसुद्धा आता तिच्या आजाराचीच एक कृती झाली आहे, कारण शंका सोसायची वेळ आली की ती शंका ती माझ्या हवाली करते. त्या आठवड्यापासून मी ठरलेले एकच वाक्य म्हणू लागले: ‘याचे उत्तर द्यायचे नाही असे आपले ठरले आहे.’ पहिल्या रात्री ती रडली, आणि दाराच्या अलीकडे मीही रडले.

बोलून उपचार होतात का, याची परीक्षा तर गोव्यातच झाली आहे. प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक २४ दवाखान्यांच्या कामात घेऊन केलेल्या ‘मानस’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि सरकारी आरोग्यकेंद्रांतल्या रुग्णांत समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधे अशा या पद्धतीने स्पष्ट फायदा दिसला. ती चाचणी नैराश्य आणि नेहमीच्या चिंताविकारांसाठी होती, ओसीडीसाठी नव्हती. पण चिंतेवरची थेरपी म्हणजे वेळ घालवणे, हे म्हणणे तिच्यापुढे टिकत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा दावा घाणीचा आणि छळाचा आहे, कारण तो वाचून घाबरलेला रुग्ण दवाखान्याची पायरीच चढत नाही. ज्या पद्धतीबद्दल हे लिहिले जाते तिचे नाव ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेंशन’, थोडक्यात ईआरपी. ज्याची धास्ती आहे त्याला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि नंतरची धुण्याची किंवा तपासण्याची कृती करायची नाही, एवढे तिचे सूत्र आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर ती यशस्वी झाल्याचे १९६६ साली नोंदवले, तेव्हा हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ईआरपी घेणाऱ्यांपैकी ६२ टक्के, क्लोमिप्रामिन हे औषध घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी अवघ्या ८ टक्के रुग्णांना गुण आला.

बसच्या दांड्याची पायरी आली तो दिवस मी पाहिला आहे. पावसाचे दिवस होते, म्हापशाच्या बसस्टँडवर चिखल झाला होता. थेरपिस्ट बाई आमच्याबरोबर चालत आल्या, उभ्या असलेल्या कदंबा, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये चढल्या आणि आधी त्यांनी स्वतः दांडा घट्ट धरला, मग तोच तळवा आपल्या ओढणीला आणि गालाला लावला. ‘तयारी असेल तर आता तुम्ही. नसेल तर आज नोटेवरच थांबू,’ एवढेच त्या म्हणाल्या. बहिणीने दोन बोटे टेकवली, मग मूठ आवळली. आकडा विचारला तेव्हा ती ‘पंच्याऐंशी’ म्हणाली. खाली उतरून आम्ही बाकावर बसलो आणि बाई दर दहा मिनिटांनी आकडा विचारून वहीत लिहीत राहिल्या: ८५, ८०, ८०, ६५, ५०. शेवटी तिने त्याच न धुतलेल्या हाताने पाव मोडला आणि पातळभाजीत बुडवून खाल्ला. तिला गटारात हात घालायला कोणीही सांगितले नाही; बसमधला प्रत्येक उतारू रोज जे धरतो तेच धरायला सांगितले, तेही तिच्या होकारानंतर. आकडा दरवेळी उतरतोच असेही नाही. एकदा तो ७० वर अडून राहिला, तरी ती नळाकडे गेली नाही, आणि बाईंना त्या दिवसाचे मोल जास्त वाटले.

थेरपिस्ट मनावर ताबा मिळवतात, हे वाक्य गोव्यातल्या माणसाने तरी पुढे पाठवू नये. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये ठासून सांगितले की संमोहनाची झोप संमोहकाच्या कुठल्याही शक्तीने येत नाही, ती समोरच्याच्या स्वतःच्या मनातून येते. ईआरपीत तर संमोहनाचा संबंधच नसतो. बहिणीच्या एकूण १८ भेटी झाल्या, आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने, आणि शेवटच्या पायऱ्या तिच्या तिनेच आखल्या.

गोळ्यांबद्दलची भीती दोन वेगळ्या औषधांची गल्लत करून निर्माण होते. सवय लागण्याचा धोका चिंता तात्पुरती शमवणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांना आहे. ओसीडीवर मुख्यतः फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन अशी औषधे देतात; त्यांचे व्यसन लागत नाही, मात्र पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात आणि ती मनाने एकदम बंद केल्यास त्रास होतो, म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. काहींना ती दीर्घकाळ घ्यावी लागतात, हे खरे आहे. मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल मात्र आपण असा आकांत करत नाही.

पैशाच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. समुपदेशक अशी पाटी लावणारा प्रत्येक जण ओसीडी हाताळायला शिकलेला असतोच असे नाही. बहिणीची पहिली दोन वर्षे फक्त धीर देणाऱ्या एका व्यक्तीकडे गेली, आणि धीर हेच या आजाराचे खाद्य होते. त्यामुळे फी देण्याआधी विचारावे: भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का, ईआरपीचे प्रशिक्षण घेतले आहे का, घरच्यांना काय करावे लागेल. खाजगी फी झेपत नसेल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि मानसिक त्रासात फोनवरून मदत करणारी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते.

राहिला देवाच्या नावाचा मुद्दा. माझ्या बहिणीने नाम कधीच सोडले नव्हते. उलट संध्याकाळी दिवा लावून ती स्तोत्र म्हणायला बसे आणि एखादा शब्द चुकला अशी शंका येताच पहिल्यापासून सुरू करी. एकदा तर आत जेवण निवत होते, वडील ताटावर खोळंबले होते आणि ती पहिल्याच श्लोकावर होती. आजाराने तिची भक्तीही ताब्यात घेतली होती, तेव्हा ‘देवाचे नाव घे’ हा सल्ला तिच्या कोणत्या कामाचा होता? बाईंनी तिला पूजा बंद करायला सांगितले नाही. स्तोत्र एकदाच म्हणायचे, चुकले असे वाटले तरी मागे फिरायचे नाही आणि शंका तशीच घेऊन जेवायला यायचे, एवढाच अभ्यास दिला. गेल्या चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून तिने सगळ्यांबरोबर आरती म्हटली. मध्ये एका ओळीवर ती अडखळली, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि पुढची ओळ म्हणू लागली.