गुळाच्या खड्याने भुसा निघत नाही

फर्निचरच्या कारखान्यांत आणि सुतारांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: "लाकूड नैसर्गिक, त्याचा भुसा बाधत नाही. नाकाला रुमाल बांधा, घरी जाताना गुळाचा खडा खा, छाती साफ." या भरवशावर अख्खं आयुष्य धुळीत काढणारे कारागीर आहेत, म्हणून हे खोडून काढणं गरजेचं आहे.

नैसर्गिक म्हणून बाधत नाही? इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या बनवणारं गाव. तिथल्या कामगारांना नाकाच्या आतला, एरवी अगदी दुर्मीळ असलेला कॅन्सर होतोय, हे डॉक्टरांनी 1960 च्या दशकात दाखवलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ गट 1 मध्ये टाकली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या यादीत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड, कापताना डोळे चुरचुरतात ते गोंदातल्या फॉर्मल्डिहाइड या रसायनामुळे; तेही आता त्याच गटात आहे.

गुळामागे एक खरा प्रयोग आहे, 1994 मध्ये प्रसिद्ध झालेला, लखनौचा. पण तो उंदरांवर होता आणि धूळ कोळशाची व सिलिकाची. त्यावरून सुताराच्या नाकात बसलेल्या लाकडी धुळीबद्दल काहीच ठरत नाही. गूळ खुशाल खा, मास्कच्या बदली नको.

आता रुमाल. रंध्याचा जाड भुसा पायाशी पडतो. घात करते ती सँडरची, म्हणजे घासायच्या यंत्राची, पिठासारखी धूळ. ती विणीतून आणि गालाकडच्या फटीतून आत जाते. घासकाम चालू असताना दिवे बंद करून समोरून आपल्याकडे टॉर्च रोखायला सांगा, झोतात तरंगताना दिसेल. बारीक धूळ अडवणारा एन95 किंवा एफएफपी2 मास्क घ्या, दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून. दाढीवर तो नीट बसत नाही. काढल्यावर नाकाशेजारी धुळीची रेघ दिसली, तर हवा तिथूनच शिरत होती. थिनर आणि पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिशची वाफ मात्र या मास्कने अडत नाही.

मास्कच्या आधी धूळ उडायलाच नको. सँडरला हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) व्हॅक्युमची नळी जोडा. साधा फिल्टर बारीक धूळ परत खोलीत सोडतो. सुका झाडू नको. सुट्टी होताना कपड्यांवर ब्लोअर मारायची सवय तर आजच बंद करा, दिवसभराची बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकासमोर येते.

एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे चोंदत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि लाकडात किती वर्षं काम केलंय ते त्यांना आधी सांगा.