‘खरा फायटर थांबत नाही’ म्हणे! मग गुडघा कुणाचा सुजला?

तो फॉरवर्ड परत आलाय. ‘खरा फायटर थांबत नाही : दुखापतीतून परत येण्याचे ७ नियम’, वर डरकाळी फोडणारा सिंह. दोन महिन्यांपूर्वी क्लबच्या ग्रुपवर पहिल्यांदा आला तेव्हा मी न वाचताच पुढे गेले, चुकलंच. यावेळी आमच्या दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलाय, खाली ‘आपल्या पोरीसाठी’ असं लिहून. ती पोरगी म्हणजे माझी भाची, वय १७, ज्युदो खेळते, डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा आतून धरून ठेवणारा दोरा, म्हणजे लिगामेंट) गेलं, ऑपरेशन होऊन आता सहावा महिना चालू आहे. आणि दाजींना हे माहीतच नाही की चौथ्या महिन्यात हेच ७ नियम वाचून ती घरी न सांगता रांदोरीला, म्हणजे सरावातल्या मोकळ्या कुस्तीला, उतरली होती. दोन राउंड मस्त गेले, तिसऱ्यात पार्टनरने पाय झाडला, हिचं पाऊल मॅटला चिकटून राहिलं आणि वरचं अंग फिरलं. रात्री अकराला ताईचा फोन, ‘अगं गुडघा नारळाएवढा झालाय, ही म्हणते जिन्यावरून पडले’. एमआरआयमध्ये ग्राफ्ट (ऑपरेशनमधे बसवलेला नवा दोरा) शाबूत निघाला, निव्वळ नशीब, पण तीन आठवडे परत कुबडी. खरं काय ते मला आठवड्याने सांगितलं, तेही रडत. दाजी, आता कळलं तुम्हाला. तिच्यावर चिडू नका, आधी हे वाचा.

ज्यांच्याकडे हा फॉरवर्ड आला नसेल ते भाग्यवान, त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, वेदना म्हणजे शरीरातली कमजोरी बाहेर पडणं. दोन, मॅटपासून दोन आठवडे लांब राहिलात तर दोन वर्षं मागे जाता. तीन, दुखायचं थांबलं की लगेच फाइट सुरू करा, डॉक्टरच्या तारखा घाबरटांसाठी. चार, बर्फ आणि आराम ही विदेशी फॅडं, गरम तेलाने जोरात मालिश करा. पाच, २१ दिवस रोज ‘मी फिट आहे’ म्हणा, मेंदू शरीराला बरं करतो. सहा, जपानचा ज्युदोपटू यामाशिता तुटलेल्या पायाने ऑलिंपिक गोल्ड जिंकला. सात, रडगाणं कुणाला सांगू नका, योद्धा एकटा लढतो.

तिसऱ्यापासून सुरू करते कारण आमच्या घरात घात त्यानेच केला.

एसीएलचं ऑपरेशन म्हणजे तुटलेला दोरा शिवत नाहीत, बहुतेक वेळा तुमच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून तिथे बसवतात, तो ग्राफ्ट. तो बसवला त्या दिवशी चांगला दणकट असतो. मग गंमत अशी की त्याला रक्तपुरवठा नसतो, आतल्या पेशी मरतात, हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि त्या टेंडनचं लिगामेंटसारखं काहीतरी बनायला लागतं, ह्याला महिने लागतात. आणि मधल्या काळात, साधारण दोन-तीन महिन्यांच्या आसपास, तो ग्राफ्ट बसवला होता त्यापेक्षा कमजोर असतो. आता बघा, नेमकं तेव्हाच बाहेरून काय दिसतं? सूज उतरलेली, टाके सुकलेले, जिना चढता येतो, दुखत नाही. म्हणजे पोरीला वाटतं मी बरी झाले आणि आत दोरा अजून कच्चा. ‘दुखायचं थांबलं की सुरू करा’ हा नियम कुणी मुद्दाम गुडघे फोडायला लिहिला असता तरी ह्याहून चांगला जमला नसता.

तारखा घाबरटांसाठी म्हणताय ना, तर एक अभ्यास सांगते, एकच, पण तो नीट वाचा. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला, नॉर्वेतल्या ओस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या लोकांनी मिळून केलेला. एसीएलचं ऑपरेशन झालेल्या १०६ जणांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं पुढे ढकललं तितकी गुडघ्याला पुन्हा इजा होण्याची शक्यता कमी होत गेली, दर महिन्याला ५१ टक्क्यांनी कमी. दर महिन्याला! आणि नुसती तारीख नाही, ताकदीच्या आणि एका पायावर उड्या मारायच्या टेस्ट पास न होता जे वळणं-उड्या असलेल्या खेळात परतले त्यांच्यातल्या ३८ टक्के लोकांना पुन्हा इजा झाली, पास होऊन परतले त्यांच्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आता पास होऊन परतलेले लोक मोजकेच होते आणि हा काही ज्युदोवाल्यांचा अभ्यास नाही, हे कुणी म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण ज्युदोत तर समोरचा माणूस मुद्दाम तुमचा पाय उडवायला आलेला असतो, म्हणजे आपल्याला सूट मिळायचं काहीच कारण नाही.

कुणीतरी विनेश फोगाटचं नाव काढणारच. बरं, काढा. २०१६ च्या रिओत तिला स्ट्रेचरवरून नेलं, गुडघा गेला होता, आणि एशियन गेम्सचं गोल्ड आलं २०१८ ला जकार्तात. मधली दोन वर्षं कुठल्याच सिंहाच्या फोटोवर नसतात. हां, २०२३ च्या ऑगस्टमधे परत गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र ती सहा-सात महिन्यांत मॅटवर आली आणि पुढे पॅरिस ऑलिंपिकला जपानच्या सुसाकीला हरवलं, हे खरंय, नाकारत नाही. पण तिच्याबरोबर सकाळ-संध्याकाळ माणसं होती, तिचा गुडघा रोज कुणीतरी बघत होतं. आमच्या पोरीबरोबर आठवड्यातून दोनदा फिजिओ आणि बाकीचे दिवस यूट्यूब.

यामाशिताचं बघू. १९८४, लॉस एंजेलिस, ओपन गट, म्हणजे वजनाची अट नसलेला. त्याचा पाय तुटला नव्हता, उजव्या पोटरीचा स्नायू फाटला होता, सुरुवातीच्या एका मॅचमधे. तो लंगडत फायनलला आला, इजिप्तच्या रशवानला जमिनीवर दाबून धरून जिंकला. महान माणूस, शंकाच नाही, त्याचे जुने व्हिडिओ बघतच आमची पिढी मोठी झाली. पण ते एका दिवसाचं गणित होतं, ऑलिंपिकची फायनल, त्यानंतर पुढच्याच वर्षी तो रिटायर झाला. आणि पाय खरंच तुटला होता तो १९८० मधे, समोरच्या एंदोने कानी-बासामी मारला, दोन्ही पायांनी कात्रीसारखा डाव, आणि यामाशिताचं नडगीशेजारचं हाड मोडलं. तेव्हा तो उठून लढला नाही. बरा झाला, मग १९८१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला दोन गटांत गोल्ड घेतली. तो डाव नंतर स्पर्धांतून बंद झाला, इतका वाईट. म्हणजे तुमचाच हिरो, आणि त्याच्याच गोष्टीतला अर्धा भाग कापून टाकलाय.

पहिला नियम, कमजोरी बाहेर पडतेय वगैरे, ह्यावर जास्त बोलवत नाही. ज्युदोत पहिल्या आठवड्यात आपण दोन गोष्टी शिकतो, पडायचं कसं आणि टॅप कधी करायचा, म्हणजे हात आपटून हार कधी मानायची. आर्मलॉक (कोपर उलटं वाकवणारी पकड) लागल्यावर ‘कमजोरी बाहेर पडतेय’ म्हणून वाट बघत बसलात तर कोपर बाहेर पडेल.

दुसऱ्यात अर्धं खरं आहे, चडफडत कबूल करते. मांडी बारीक होते, फार पटकन होते, माझ्या स्वतःच्या दुखापतीत झाली होती तेव्हा जीन्सचा एक पाय ढगळ दिसायचा. दमही जातो. पण दोन वर्षं मागे? उचिकोमी (थ्रोच्या सुरुवातीचा पुन्हा पुन्हा सराव) ज्याने दहा हजार वेळा केलीय त्याचं शरीर ती दोन आठवड्यांत विसरत नाही, दोन महिन्यांतही नाही. जातं ते स्नायूचं मास, आणि ते मॅटवर नाही, त्या कंटाळवाण्या स्ट्रेट लेग रेझ आणि स्क्वॉटमधूनच परत येतं.

चौथ्यातही अर्धं खरं, काय करणार. दुखापतीनंतर आराम-बर्फ हे सूत्र ज्या डॉक्टरने १९७८ साली लोकप्रिय केलं, त्या गेब मर्किननेच २०१४ साली सांगितलं की बर्फाने आणि पूर्ण आरामाने बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. म्हणजे नुसतं पलंगावर पडून राहू नका हे बरोबर. पण त्यावरून थेट गरम तेलाची जोरदार मालिश? माझे आजोबा लाल मातीतले, तालमीतली मालिश मी लहानपणापासून बघितलीय, मेहनतीनंतर थकलेल्या अंगाला ती मस्तच. ताज्या दुखापतीला नाही. विशेषतः कोपर, आर्मलॉकमधे दुखावलेलं कोपर चोळत बसलं तर स्नायूत हाडासारखा कडक भाग तयार होऊ शकतो आणि मग हात सरळच होत नाही, कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा, त्यांनी अशी पोरं बघितलेली असतात.

पाचवा. हे २१ दिवस आले कुठून तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना कमीत कमी २१ दिवस लागतात. कमीत कमी! पुढे लोकांनी तेवढंच गाळलं. लंडनमधे सवयींवर अभ्यास झाला त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत लागले. पण मेंदूचं म्हणाल तर एक गोष्ट मात्र भारी आहे. १९९२ च्या एका प्रयोगात काही लोकांनी चार आठवडे करंगळीचा व्यायाम नुसता मनात केला, बोट न हलवता, आणि त्यांची ताकद २२ टक्के वाढली, खरा व्यायाम करणाऱ्यांची ३०. म्हणजे डोळे मिटून आपली थ्रो मनात करणं हा टाइमपास नाही. फरक एवढाच की त्याने मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम सुधारतो, ग्राफ्टला रक्तवाहिन्या फुटत नाहीत. आणि आरशासमोर ‘मी फिट आहे’ म्हणणं ह्यात तर व्यायामच नाही, थाप आहे. त्यापेक्षा ‘आज गुडघा पूर्ण सरळ झाला का’ हे विचारा, उत्तर तरी खरं मिळेल.

आणि सातवा. तिसऱ्याने गुडघा सुजवला, पण सातव्याने ती आठवडाभर खोटं बोलली. ह्या पोरीला मोटिव्हेशन कमी कधीच नव्हतं हो, जास्तच होतं, ते ठेवायला जागा नव्हती. क्लब बंद, मैत्रिणी तिकडे घाम गाळतायत, ही घरी भिंतीला पाठ लावून दिवसाला तीनदा तोच व्यायाम, दिसणारी प्रगती शून्य, अशा वेळी एकटीने लढायला सांगितलं की ती कुठे जाणार? रांदोरीलाच. मी माझ्या वेळी हेच केलं होतं, फक्त तेव्हा फॉरवर्ड नव्हते, मला मूर्खपणा स्वतःचा स्वतः सुचला होता.

जपानी लोकांत मितोरी-गेइको म्हणतात, बघून करायचा सराव. दुखापत झालेला घरी बसत नाही, मॅटच्या कडेला बसतो आणि डोळ्यांनी शिकतो. मी तिच्या सरांशी बोलले, त्यांना आधी पटेना, ‘बघून काय होणार, उलट मन खाईल’ म्हणाले. आता ती मंगळवार-शुक्रवार जाते, घड्याळ धरते, लहान मुलांचे बेल्ट बांधते, आणि एका वहीत लिहिते की कोण कुठली ग्रिप आधी घेतं. तिच्या वजनगटातल्या दोघींची पानंच्या पानं भरलीत. बसून रबरी ट्यूबवर ओढायचा सराव करते. पहिले दोन दिवस बाथरूममधे जाऊन रडली, हेही सांगते, सगळं गोड नव्हतं.

आणि फ्रिजवर एक कागद लावलाय. दोन्ही मांड्यांच्या ताकदीची तुलना, फिजिओ दर तीन आठवड्यांनी यंत्राने मोजतात, डावी उजवीच्या किती टक्के. ९० झाल्याशिवाय उड्यांच्या टेस्टचं नाव नाही, आणि नऊ महिने झाल्याशिवाय रांदोरीचं नाव नाही. ती कुबडी सुटल्यावर पहिला आकडा ६१ होता, बघून तिने तो कागद उलटा लावला होता.

दाजी, मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. वेळ निघून गेली असेल तर त्या सिंहाखाली निदान ७४ टक्के असं तरी लिहा, कालचा आकडा आहे तिचा, आणि कागद आता सुलटा आहे.