सड्यावरचा एक ठिपका

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच भांडण चालू आहे. कोकणातल्या कातळशिल्पांचे, म्हणजे सड्यांवर, उघड्या कातळाच्या पठारांवर, कोरलेल्या प्राचीन चित्रांचे नेमके पत्ते, अक्षांश-रेखांशासकट, नकाशावर सगळ्यांना खुले करावेत की झाकून ठेवावेत? एक गट म्हणतो, खुले करा. कुठे काय आहे हेच ठाऊक नसेल तर वाचवणार कोण? दुसरा म्हणतो, पत्ता दिला की रविवारी गाड्या येतात, चपलांसकट हत्तीच्या पोटावर उभं राहून रील काढतात, आणि फोटोत नीट दिसावं म्हणून कुणीतरी खडूने रेषा गिरवतो. वाद अडला की दोन्हीकडचे माझ्याकडे वळतात. "तू इंग्लंडात आहेस ना, तिकडे काय करतात ते सांग."

मी लँकेशरमध्ये राहतो. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडल्यावर माणसाने करावं तरी काय, म्हणून इथल्या हौशी इतिहासवाल्यांबरोबर लिडारचे नकाशे वाचतो. लिडार म्हणजे विमानातून जमिनीवर लेसरचे ठोके सोडायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढायची. काही ठोके पानांच्या फटींतून खाली पोचतात. तेवढेच वेगळे काढले की झाडी पुसली जाते आणि उघडी जमीन उरते. मग संगणकात एक खोटा सूर्य क्षितिजाला टेकवून ठेवायचा. त्या तिरप्या उजेडात वीतभर उंचीचा बांधही लांब सावली टाकतो.

हे सगळं इथल्या पर्यावरण खात्याने केलं ते पुराच्या पाण्याचा अंदाज बांधण्यासाठी. इतिहास त्यांच्या डोक्यातही नव्हता. २०१५ मध्ये त्यांनी ही माहिती सगळ्यांना फुकट खुली केली. आमच्याच भागात रस्तेबांधणीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर ४५ वर्षं रोमन रस्ते शोधत पायपीट करत होते. रिबचेस्टर ते लँकेस्टर हा रस्ता त्यांना अखेर घरी खुर्चीत बसून, पडद्यावर सापडला.

ही गोष्ट मी एकदा उत्साहाने ग्रुपवर टाकली आणि फसलो. लगेच ठराव झाला: आपल्याकडेही लिडार करा, खुलं करा, प्रश्न मिटला. मिटत नाही. इंग्लंडभरचं लिडार मीटरभर अंतराच्या चौकटीचं आहे, म्हणजे एकेका मीटरच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा. रस्त्याचा उंचवटा त्यात दिसतो, कारण तो पाच-सहा मीटर रुंद असतो. आपली कातळशिल्पं म्हणजे जांभ्यात कोरलेल्या रेषा, कित्येक तर दोन-चार सेंटिमीटरच खोल. कशेळीचा हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. पण मीटरच्या चौकटीला तो अख्खा हत्ती म्हणजे सपाट सडा. तिथे ड्रोन कमी उंचीवरून उडवून, शेकडो फोटो एकमेकांवर बसवून, मिलिमीटरच्या हिशोबात त्रिमिती प्रतिकृती करावी लागते. आणि ड्रोन कुठल्या सड्यावर उडवायचा हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगितलं गुराख्यांनी. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव विचारत, सडे तुडवत ही शिल्पं नोंदवली. माझे मामा राजापूर तालुक्यातले. त्यांना मी फोनवर मोठ्या ऐटीत माझा खोटा सूर्य समजावून सांगितला. ते म्हणाले, "मग नवीन काय? पावसाळा सरला की सकाळी उन्हं तिरपी असताना यायचं. गवत वाळायच्या आत. दुपारी बारा वाजता आलास तर तुला पण काही दिसणार नाही आणि तुझ्या विमानाला पण." सत्तर वर्षांच्या माणसाने लिडारच्या नकाशावर सावल्या पाडण्याचं तत्त्व एका श्वासात सांगितलं. मी इथे त्यासाठी दोन शनिवारचं प्रशिक्षण घेतलं होतं.

तर, तिकडे काय करतात.

१९८९ मध्ये लंडनला, थेम्सच्या दक्षिण काठावर, ऑफिसांच्या इमारतीचा पाया खणताना शेक्सपियरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष सापडले. गदारोळ झाला. नट-नट्या रस्त्यावर उतरल्या, बुलडोझर अडवले गेले. शेवटी इमारत झालीच, पण अवशेष खाली राखून. दुसऱ्या वर्षी, १९९० च्या नोव्हेंबरात, सरकारने नियोजनाचा एक मार्गदर्शक काढला. त्याचा मथितार्थ असा: बांधकामाला परवानगी देण्याआधी जमिनीखाली काय आहे ते बघा, आणि त्या तपासाचा, उत्खननाचा खर्च बांधणाऱ्याने उचलावा. तेव्हापासून प्रत्येक काउंटीकडे असलेल्या पुरातत्त्वाच्या नोंदवहीला वजन आलं. आज तुम्ही इथे घरामागे खोली वाढवायचा अर्ज केलात तरी कुणीतरी त्या नकाशावर तुमचा प्लॉट ताडून बघू शकतं. नकाशावरचा ठिपका परवानगीच्या टेबलावर हजर असतो. मला विचाराल तर सगळी गंमत इथे आहे, लेसरमध्ये नाही.

आणि पत्ता खुला की झाकलेला? दोन्ही. शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणारे हौशी लोक इथे हजारोंनी आहेत. त्यांना मिळालेल्या वस्तूंची एक राष्ट्रीय नोंद १९९७ पासून ठेवली जाते आणि ती कुणालाही पाहता येते. पण सामान्य वाचकाला सापडल्या जागेचा साधारण एक किलोमीटरचा चौकोनच दिसतो. नेमकी जागा अभ्यासकाला मिळते, तीही कारण सांगून. तरीही रात्री दिवे लावून शेतं उकरणारे चोर आहेतच. इंग्लंड म्हणजे काही साधुसंतांचं गाव नव्हे. आणि नकाशा झाला म्हणून भांडण संपतं असंही नाही. स्टोनहेंजभोवतीची तब्बल १२ चौरस किलोमीटर जमीन रडार आणि चुंबकीय यंत्रांनी चाळून काढली, २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. तरी शेजारून जाणाऱ्या रस्त्यासाठी बोगदा खणावा की नाही यावर पुढे दहा वर्षं वाद चालला, कोर्टकचेऱ्याही झाल्या. २०२४ मध्ये तो बेत गुंडाळला, तोही पैसे नाहीत म्हणून.

आता आपला सडा घ्या. कोकणातली आणि गोव्यातली मिळून नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. त्यात बारसू आहे. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि आंदोलन पेटलं. कातळशिल्प हा शब्द महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमचा ग्रुपही तेव्हाच दुभंगला, तो अजून सांधलेला नाही. मला ते आपलं रोझ नाट्यगृह वाटलं होतं. पण रोझनंतर नियम आला. बारसूनंतर आमच्याकडे मुख्यतः पर्यटन आलं.

आणि खरं सांगायचं तर रिफायनरी हा एक शत्रू, जो सगळ्यांना दिसतो. रोजचा शत्रू चिरेखाण आहे, बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढणारी. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. पिकत नाही, मग चिरे काढा. किंवा जेसीबीने कातळ फोडा, माती भरा, हापूसची कलमं लावा. यात वाईट कुणीच नाही. ज्याच्या नावावर वीस गुंठे कातळच आहे त्याने काय खावं? चिरेखाणीच्या परवान्याचा अर्ज येतो तेव्हा त्या टेबलावर कातळशिल्पाचा ठिपका असतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. गूगलच्या नकाशावर तो असतो. इन्स्टाग्रामवर असतो. सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, मी तरी अजून पाहिलेला नाही.

ड्रोन आपल्याकडे नाहीत असंही नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून गावठाणांची ड्रोन मोजणी महाराष्ट्रानेच आधी सुरू केली, आणि २०२० मध्ये स्वामित्व योजनेतून ती देशभर गेली. घराघराचा नकाशा झाला, मिळकतपत्रिका मिळाल्या. पण ड्रोन गावठाणाच्या हद्दीवरून परत फिरतो. सडा तिथून पुढे सुरू होतो.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एका मित्राने, जो गावातच राहतो आणि ज्याचं मत म्हणून माझ्यापेक्षा जास्त मोलाचं आहे, एका ओळीत मला गप्प केलं: "सातबाऱ्यावर चढवलंस तर लोक रात्रीत फोडतील." त्याचं चुकत नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच बांधकाम, हा २०१० चा कायदा. कातळशिल्पाला तो आपोआप लागत नाही, पण धाक लागतो. इंग्लंडात ठिपका म्हणजे बांधणाऱ्याच्या खिशातून जाणारा खर्च. आपल्याकडे ठिपका म्हणजे गरीब खातेदाराची अडकलेली जमीन, आणि बदल्यात शून्य. खुलं की झाकलेलं यावर तीन आठवडे भांडण्यापेक्षा आम्ही त्या खातेदाराला काय द्यायचं यावर तीन दिवस भांडलो असतो तर बरं झालं असतं. भाडं? वाटेवर राखणदाराचं काम? चिरेखाणीच्या बदल्यात दुसरी जागा? इथे लँकेशरात बसून हे सुचवणं सोपं आहे, हेही मला कळतं.

गेल्या नोव्हेंबरात मी गावी गेलो होतो. मामांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी सातला सड्यावर नेलं. गावाचं नाव लिहीत नाही. का ते वर आलंच आहे. तिथे एक मासा आहे, माझ्या दोन्ही हातांएवढा, आणि शेजारी एक चौकोनी, जाळीसारखं काहीतरी. मी मोबाइलने दोनशेच्या वर फोटो काढले, इथे परत आल्यावर त्यांची त्रिमिती प्रतिकृती केली. खोटा सूर्य टेकवला तर शेपटीशी आणखी एक रेषा निघाली, जी मामांनाही माहीत नव्हती. त्यांना पाठवली तर म्हणाले, "बघू, परत जाऊन बोट फिरवून बघतो." चार दिवसांनी फोन आला: आहे.

ज्यांच्या जागेत तो मासा आहे ते काका त्या सकाळी बांधावर उभे होते. त्यांनी चहा दिला, मी फोटो काढताना सावली पडू नये म्हणून बाजूला सरले. निघताना विचारलं, "ह्याचा नकाशा करणार तुम्ही? म्हणजे पुढच्या वर्षी खाण घालायची म्हटली तर?"

प्रत्येक फोटोत जागा नोंदलेली होती. प्रतिकृती बाहेर पाठवण्याआधी मी जागेची ती नोंद सगळ्या फोटोंतून काढून टाकली. माझ्या लॅपटॉपवरच्या नकाशात मात्र ठिपका आहे, आणि त्याच्याभोवती एक किलोमीटरचा चौकोन आखून ठेवला आहे. यातलं कुठलं कुणाला द्यायचं, हे मी मामांवर सोडलं आहे. मामा म्हणतात, आधी काकांशी बोलू.