मागच्याला कळू नये म्हणून

नवी गाडी घेतलीत आणि आता ती सजवायची आहे ना? मग पुढून सुरुवात करू नका. खरी कलाकुसर ब्रेक लाइटवर करा. चालवताना मालकाला कधीच न दिसणारा हा अवयव फक्त मागच्या परक्या माणसाशी बोलतो. हप्ते आपण भरायचे आणि बातम्या त्याला मिळायच्या! हा अन्याय एका दुपारीत दूर होतो.

आधी काळी फिल्म. ॲक्सेसरीजवाला तिला ‘स्मोक’ म्हणतो आणि लावून झाल्यावर चार पावलं मागे सरून स्वतःच खूश होतो. आपली मानकं ज्या युरोपीय नियमांवर बेतली आहेत, ते नियम ब्रेक लाइटला किमान ६० कँडेला उजेड मागतात. मागच्या साध्या लाइटला ४ कँडेलाही चालतात. दोन्ही एकाच दिव्यात असतील, तर ब्रेक दाबल्यावर उजेड निदान पाचपट वाढला पाहिजे. एवढा हट्ट कशाला? फिल्म लावा, म्हणजे घोडबंदर रोडच्या टळटळीत उन्हात तुम्ही थांबलात की चाललात हे तुमचं खासगी प्रकरण राहील.

त्यातही बल्ब बदलताना खरी मजा. त्या बल्बात दोन तारा असतात, ब्रेकसाठी २१ वॅटची, मागच्या साध्या लाइटसाठी ५ वॅटची. तो उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात. अशा वेळी मनगटातला जोर कामाला येतो. दाबून, पिळून उलटा बसवलात, की २१ वॅट रात्रभर जळत राहतात आणि ब्रेक मारल्यावर त्यात जेमतेम ५ वॅटची भर पडते. मागच्याने काय ओळखायचं ते ओळखावं. सोसायटीच्या वॉचमनला मागे उभं करून एकदा तपासावं, असा विचार मनात आला तर झटकून टाका. तो खरं सांगेल.

रंगाचं म्हणाल तर नियमवाल्यांपेक्षा राम मारुती रोडवरचे साडीवाले दिलदार. ते लाल म्हटलं की कुंकवी, डाळिंबी, राणी, अबोली असा ढीग समोर टाकतात. नियमवाल्यांनी मात्र रंगांच्या आलेखात एक चिंचोळा कोपरा आखलाय, तेवढाच लाल. तुम्ही लाल काचेमागे स्वस्तातली पांढरी एलईडी खोचा. तिच्या उजेडात निळा भरपूर आणि लाल बेताचा. काच निळा अडवते, मग बाहेर येतो तो अशक्त, गुलाबीसर उजेड. अबोलीच म्हणा ना. काचही पारदर्शक करून घेतलीत तर गाडी रिव्हर्स येतेय असं वाटून मागचा आपोआप अंतर ठेवेल. (माझ्या गाडीला अजून कंपनीचीच काच आहे. नातेवाइकांत मी तसा मागासच.)

लाल काचेमागे लाल एलईडी असलेला कंपनीचा दिवा मात्र टाळाच. साधा बल्ब तापून पूर्ण पेटायला एलईडीपेक्षा साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जास्त घेतो. ताशी ८० ने तेवढ्या वेळात गाडी सव्वाचार मीटरहून जास्त जाते, म्हणजे पाम बीच रोडवर मागच्याला जवळजवळ एका गाडीएवढी जागा फुकट. असलं दान करू नये.

हौस उरलीच असेल तर चमचमणारं सर्किट टाका. गणपतीच्या मखरातलं उरलेलं तोरणही शोभेल. वळतोय, थांबतोय की आरती चालू आहे, हे कपूरबावडीच्या चौकात मागच्या दहा जणांनी आपापसांत ठरवावं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ तेवढं आडवं येतं. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फिल्म, एलईडी, चमचम असं कुणी एकेक मोजायला बसलं तर तुम्ही ठाम राहा: “कंपनी फिटिंग आहे, साहेब.”

मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी तीन हात नाक्याला मागून धाड्कन आवाज येईल. तरातरा उतरा, मोडलेल्या डिकीकडे बोट दाखवा आणि स्कूटरवरच्या पोराला दरडावून विचारा, “ब्रेक मारलेला दिसत नाही का रे?”

“नाही ना, काका,” तो म्हणेल.

भांडण ‘काका’वरून सुरू करा.