‘दोन फ्लॅग लावा, एरर गायब’ : त्या फॉरवर्डला उत्तर

माझी भाची मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात सबमिशनच्या आदल्या रात्री ती मुलुंडहून लॅपटॉप घेऊन आमच्या भांडुपच्या घरी आली, कारण सी भाषेतल्या तिच्या प्रकल्पात नवे मॉड्यूल जोडल्यापासून प्रोग्राम सुरू होताच कोसळत होता. “पण मामा, कंपाइल तर स्वच्छ होतोय, एकही एरर नाही,” हे तिने तीनदा सांगितले. मी मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल, उघडली आणि तो स्वच्छपणा कुठून आला ते कळले. तिथे कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) द्यायच्या सूचना, म्हणजे फ्लॅग, दोन होते, एक ‘एफ-परमिसिव्ह’ आणि दुसरा नुसता ‘डब्ल्यू’. दोन्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका संदेशातून उचललेले होते. दोनच दिवसांनी तोच संदेश माझ्या कार्यालयातल्या नव्या मुलांच्या ग्रुपवरही झळकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नवे मॉड्यूल जोडल्यावर येणाऱ्या एररवर त्या संदेशात पाच ‘रामबाण उपाय’ दिले आहेत. हे दोन फ्लॅग लावा, कारण नवे कंपायलर उगाच कडक झाले आहेत. एरर नेहमी शेवटून वाचा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसला की कंपायलर बिघडला आहे असे समजून तो पुन्हा इन्स्टॉल करा. हेडरच्या (फंक्शनच्या घोषणा असलेल्या फाइलच्या) भानगडीत न पडता दुसरी सी फाइलच इन्क्लूड करा. आणि कशानेच जमले नाही तर कंपाइल झालेल्या फाइलींचा बिल्ड फोल्डर उडवा.

यातला पहिला उपाय सर्वांत घातक आहे. भाचीच्या नव्या फाइलमध्ये नोंद शोधून तिचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करणारे एक फंक्शन होते, पण मुख्य फाइलमध्ये त्या मॉड्यूलची हेडर फाइल इन्क्लूड करायची राहून गेली होती. अशा वेळी जुन्या सी भाषेत कंपायलर गृहीत धरत असे, की हे अनोळखी फंक्शन पूर्णांक, म्हणजे ‘इंट’ परत करते. ही सवलत सी भाषेच्या १९९९ च्या मानकातूनच काढून टाकण्यात आली. जीसीसी या कंपायलरने मात्र पुढची सुमारे पंचवीस वर्षे नुसत्या वॉर्निंगवर भागवले आणि मे २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीत या चुकीला पहिल्यांदा एररचा दर्जा दिला. ‘उगाच कडक’ म्हणतात ते एवढेच. त्या आवृत्तीच्या स्थलांतर-मार्गदर्शिकेत हा बदल सविस्तर दिला आहे. ‘एफ-परमिसिव्ह’ने हा एरर पुन्हा वॉर्निंगवर उतरतो हे खरे, पण त्या वॉर्निंगलाही ‘डब्ल्यू’ गप्प करतो. म्हणजे चूक जागेवरच राहते आणि ती सांगणाऱ्याचे तोंड मात्र बंद होते.

याचा परिणाम त्या रात्री डिबगरमध्ये (चालू प्रोग्रामच्या आत डोकावण्याच्या साधनात) डोळ्यांसमोर दिसला. आजच्या ६४ बिटच्या यंत्रावर पॉइंटर ८ बाइटचा असतो आणि इंट ४ बाइटचा. फंक्शनच्या आत पॉइंटरमधला पत्ता धडधाकट होता, पंचावन्नने सुरू होणारा. तोच मुख्य फाइलमध्ये पोहोचला तेव्हा त्याचे शेवटचे आठ (षोडशमान) अंक तसेच होते, पण त्यांच्या आधीच्या आठही जागी एफ भरलेले होते. वरचे ३२ बिट वाटेतच गळाले होते. गिरगावातल्या कुणाच्या पत्त्यावरून गल्ली आणि चाळ खोडून पोस्टमनच्या हाती नुसते ‘खोली क्रमांक १२’ द्यावे, तशातली ही गत. योगायोगाने पत्ता लहान आकड्याचा निघाला, तर हाच प्रोग्राम मित्राच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालतो, आणि मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा वाद प्रयोगशाळेत तासभर रंगतो.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा तर कंपायलरचा निरोपच नव्हे. कंपायलरचे काम संपल्यावर सगळे तुकडे जोडणारा लिंकर ती तक्रार करतो, आणि तिच्याखाली ‘एलडी’चे, म्हणजे लिंकरचे, नाव असलेली ओळ बहुधा असतेच. ती वाचली असती तर कंपायलर पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला सुचलाच नसता. याचा अर्थ इतकाच, की फंक्शनची घोषणा सापडली, पण प्रत्यक्ष फंक्शन सापडले नाही. बहुतेक वेळा नवी फाइल मेकफाइलच्या यादीत टाकायची राहिलेली असते. कधी लायब्ररीचा क्रम चुकतो. लिंकर फाइली आणि लायब्ररी दिलेल्या क्रमानेच तपासतो, हे जीसीसीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून गणिताची लायब्ररी तिचा वापर करणाऱ्या फाइलच्या आधी लिहिली, तर ती असूनही नसल्यासारखी ठरू शकते. सी आणि सी प्लस प्लसची सरमिसळ केली असेल तर सी प्लस प्लसचा कंपायलर फंक्शनची नावे आतून बदलतो, त्यामुळेही हीच तक्रार येते.

शेवटून वाचण्याबद्दल फार लिहीत नाही. हेडरमधल्या स्ट्रक्चरनंतरचा एक अर्धविराम राहिला, तर ओरड पुढच्या फाइलमध्ये सुरू होते आणि एररचे पान भरते. त्यातला पहिला दुरुस्त केला की बाकीचे बहुधा आपोआप जातात. पहिल्याच एररवर थांबणारा ‘डब्ल्यूफेटल-एरर्स’ हा फ्लॅग जीसीसीत त्याचसाठी आहे.

सी फाइल इन्क्लूड करण्याच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड शंभराहून अधिक फाइलींत लिहिला जातो आणि वाटताना एकाच मोठ्या सी फाइलमध्ये गुंफून दिला जातो. पण ती फाइल स्वतंत्रपणे एकदाच कंपाइल करायची असते. विद्यार्थी मात्र फाइल इन्क्लूडही करतात आणि मेकफाइलमध्येही ठेवतात, मग प्रत्येक फंक्शन दोनदा तयार होते आणि लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडतो.

बिल्ड फोल्डर उडवण्याचा उपाय मीही करतो. मेकफाइल वाचणारे ‘मेक’ हे साधन फाइलींच्या वेळा पाहून काय पुन्हा कंपाइल करायचे ते ठरवते, त्यामुळे हेडरवरचे अवलंबित्व त्याला सांगितलेले नसेल तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) तशाच पडून राहतात. ‘एमएमडी’ हा फ्लॅग लावला की ती अवलंबित्वे कंपायलर स्वतःच लिहून देतो. मेकफाइलने ती इन्क्लूड केली की दर वेळी फोल्डर उडवावे लागत नाही.

भाचीच्या प्रकल्पाला शेवटी इन्क्लूडची एक ओळ पुरली. दोन्ही फ्लॅग काढून वॉर्निंग दाखवणारा ‘डब्ल्यू-ऑल’ लावला, तेव्हा आणखी तीन वॉर्निंग वर आल्या. दोन न वापरलेल्या व्हेरिएबलच्या होत्या. तिसरी सांगत होती, की नोंदींची संख्या ‘लाँग’ आहे आणि ती छापताना इंटचे चिन्ह वापरले आहे. ती दुरुस्त करेपर्यंत पावणेबारा झाले होते, आणि ग्रुपवर कुणीतरी तोच संदेश पुन्हा टाकला होता.